कोष्टकांचे गणित मांडणारा माणूस : एडगर कॉड



शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर नावाचे एक जाडजूड पुस्तक असते. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलासाठी त्यात एक ओळ असते आणि त्या ओळीला एक क्रमांक असतो. मूल दहावी होऊन गेले, नोकरीला लागले, पुढे त्याची नातवंडे याच शाळेत आली, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. आडव्या ओळी, उभे रकाने आणि प्रत्येकाचा न बदलणारा क्रमांक, एवढीच ही व्यवस्था. पण जगभरच्या बँका, रुग्णालये, परीक्षा मंडळे आणि विमान कंपन्या यांची माहिती गेली कित्येक वर्षे संगणकात ज्या पद्धतीने साठवली जाते, ती याच व्यवस्थेची जवळची नातेवाईक आहे. त्या पद्धतीला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. ती गणिताच्या पायावर उभी करणाऱ्या एडगर फ्रँक कॉड यांची ओळख या अंकात करून देत आहोत. संगणक विषय घेतलेल्या वरच्या वर्गातील मुलांना त्यांचे नाव नॉर्मल फॉर्म पाठ करताना एकदा भेटते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. माणूस मात्र विसरण्याजोगा नव्हता. बुद्धिमान होता, सरळ होता आणि बराचसा हट्टीही होता.

कॉड यांचा जन्म ऑगस्ट १९२३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यातील पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय होता आणि आई शाळेत शिक्षिका होती. पूल या गावच्या ग्रामर स्कूलमध्ये शिक्षण घेऊन ते ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात दाखल झाले. विषय गणित आणि रसायनशास्त्र. तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटलेले होते. ब्रिटिश हवाई दलाच्या किनारा संरक्षण विभागात ते वैमानिक झाले आणि सुंदरलँड जातीची विमाने चालवू लागले. ही चार इंजिनांची अवजड विमाने पाण्यावरून उडत आणि पाण्यावरच उतरत. समुद्रावर तासन्‌तास गस्त घालायची, खाली सगळीकडे सारखेच पाणी, अशा वेळी आपण नेमके कुठे आहोत याचा हिशेब सतत ठेवावा लागतो. युद्ध संपल्यावर ते ऑक्सफर्डला परतले आणि १९४८ मध्ये गणिताची पदवी घेतली.

त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये मेसीज या प्रसिद्ध मोठ्या दुकानात काही काळ विक्रेत्याचे काम केले, मग टेनेसी विद्यापीठात थोडे महिने गणित शिकवले आणि १९४९ मध्ये आय.बी.एम. कंपनीत रुजू झाले. तेव्हा संगणक ही खोलीभर पसरलेली चीज होती. कॉड ज्या यंत्रासाठी पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहीत होते ते यंत्र कंपनीने न्यूयॉर्कमध्ये रस्त्याच्या पातळीवर, मोठ्या काचेमागे मांडले होते. येणारे-जाणारे फुटपाथवर थांबून ते पाहत. त्यात हजारो व्हॉल्व्ह आणि त्याहून जास्त रिले होते. पुढे आय.बी.एम.च्या ७०१ या यंत्राच्या रचनेतही कॉड यांचा हात होता.

१९५३ साली एक वेगळीच गोष्ट घडली. अमेरिकेत सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली अनेक प्राध्यापक, लेखक, सरकारी नोकर यांच्यावर आरोपांची झोड उठवली होती. कॉड यांच्यावर कोणी बोट ठेवलेले नव्हते. तरीही जे चालले आहे ते त्यांना सहन झाले नाही आणि बरी नोकरी सोडून ते कॅनडात ओटावाला निघून गेले. चार वर्षांनी, १९५७ मध्ये, ते परतले आणि पुन्हा आय.बी.एम.मध्ये लागले. पटले नाही की स्वस्थ बसायचे नाही हा त्यांचा स्वभाव इथेच दिसतो. पुढच्या कथेत त्याचा उपयोगही झाला आणि त्रासही.

परतल्यावर स्ट्रेच नावाच्या त्या काळच्या अतिवेगवान यंत्रावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम कसे चालवायचे यावर त्यांनी काम केले. त्यानंतर, चाळिशी आलेली असताना, कंपनीच्या शिष्यवृत्तीवर ते मिशिगन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले. आजही आपल्याकडे वय झाले म्हणून शिक्षण थांबवणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम नोंदवले. १९६५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय होता स्वतःची प्रतिकृती स्वतःच तयार करणारी कागदावरची यंत्रे. चौकटींचे एक अमर्याद जाळे कल्पायचे, प्रत्येक चौकटीला काही ठराविक अवस्था द्यायच्या आणि शेजारच्या चौकटी पाहून तिने पुढची अवस्था ठरवायची. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने अशी रचना दाखवली होती, तिला २९ अवस्था लागत. कॉड यांनी तेच काम ८ अवस्थांत करून दाखवले. गुंतागुंतीची गोष्ट कमीत कमी सामानात बसवण्याची ही हातोटी लक्षात ठेवा.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस ते कॅलिफोर्नियात आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील संशोधन केंद्रात आले. तिथे त्यांनी माहितीच्या साठ्यांचा प्रश्न हाती घेतला.

हा प्रश्न काय होता ते नीट समजून घेऊ, कारण कॉड यांचे मोठेपण त्यातच आहे. त्या काळी आय.बी.एम.ची आय.एम.एस. नावाची प्रणाली होती. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो मोहिमेच्या सॅटर्न रॉकेटला लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी ती तयार झाली होती. तिच्यात माहिती वंशावळीसारखी ठेवलेली असे. मूळ पुरुष, त्याची मुले, मुलांची मुले. रॉकेटच्या खाली त्याचे टप्पे, टप्प्याच्या खाली इंजिन, इंजिनाच्या खाली त्याचे पंप. वरून खाली उतरत गेले की काम सोपे. पण एखादा विशिष्ट बोल्ट रॉकेटमध्ये कुठे कुठे वापरला आहे, असा उलटा प्रश्न आला की पंचाईत. मग सगळी वंशावळ चाळावी लागे, नाहीतर आधीपासून वेगळी वाट आखून ठेवावी लागे.

दुसरी पद्धत जाळ्याची होती. तिच्यात एका नोंदीकडून दुसरीकडे जाण्यासाठी खुणा बांधलेल्या असत. त्या खुणा धरून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नोंदीमागून नोंद गाठत जायचे. या पद्धतीचे अग्रणी चार्ल्स बाखमन यांना १९७३ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅमरला नाविकाची उपमा दिली. माहितीच्या समुद्रातून वाट काढणारा नाविक!

दोन्ही पद्धतींत एक खोट सारखीच होती. माहिती यंत्रात कोणत्या क्रमाने, कोणत्या वाटेने ठेवली आहे हे प्रोग्रॅमला माहीत असावे लागे. उद्या ती मांडणी बदलली, एखादी वाट काढून टाकली किंवा नवी जोडली, की जुने प्रोग्रॅम बंद पडत. ते पुन्हा लिहिण्यात माणसांचे महिनेच्या महिने जात. शिवाय साधा प्रश्न विचारायलाही तज्ज्ञ लागे. म्हणजे ग्रंथालयात पुस्तक हवे असेल तर कोणत्या कपाटाच्या कोणत्या फळीवर, डावीकडून कितवे, हे वाचकालाच ठाऊक असायला हवे आणि ग्रंथपालांनी कपाट हलवले की वाचक पोरका!

कॉड यांचे म्हणणे असे की, वाचकाने फक्त काय हवे ते सांगावे. कुठून आणि कसे आणायचे ते यंत्राने पाहावे. आयुष्याची काही वर्षे प्रत्यक्ष समुद्रावर दिशा शोधण्यात घालवलेल्या माणसाने सामान्य माणसाला नाविक होण्याची सक्ती नको असे म्हणावे, यात गंमत आहे खरी.

हा विचार त्यांनी प्रथम ऑगस्ट १९६९ मध्ये कंपनीच्या अंतर्गत अहवालात मांडला. अपोलोचे अंतराळवीर चंद्रावर उतरून तेव्हा जेमतेम महिना झाला होता, म्हणजे वंशावळीच्या पद्धतीचा तो सर्वांत वैभवाचा काळ. पुढच्या वर्षी, जून १९७० मध्ये, तोच विचार सुधारून एका जाहीर नियतकालिकात आला. लेख अवघा अकरा पानांचा. भाषा गणिताची, त्यामुळे पुष्कळांनी तो वाचून बाजूला ठेवला असणार.

त्या लेखातली कल्पना आपल्या शाळेच्या ग्रंथालयावरून समजावून घेऊ. तीन कोष्टके करा. पहिले मुलांचे. त्यात जनरल रजिस्टर क्रमांक, नाव, इयत्ता, पालकांचा फोन. दुसरे पुस्तकांचे. त्यात पुस्तकाचा दाखल क्रमांक, नाव, लेखक. तिसरे देवघेवीचे. त्यात फक्त मुलाचा क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक आणि नेल्याची तारीख. पुस्तक परत आले की देवघेवीतली ती ओळ काढून टाकायची. झाले.

आता प्रश्न विचारू. आठवीतल्या कोणत्या मुलांकडे कोणती पुस्तके आहेत? पहिल्या कोष्टकातून आठवीच्या ओळी तेवढ्या निवडा. त्यांना मुलाच्या क्रमांकावरून देवघेवीच्या कोष्टकाशी जोडा. जे मिळेल ते पुस्तकाच्या क्रमांकावरून पुस्तकांच्या कोष्टकाशी जोडा. शेवटी मुलाचे नाव आणि पुस्तकाचे नाव हे दोनच रकाने ठेवून बाकीचे गाळा. ओळी निवडणे, रकाने निवडणे आणि कोष्टके जोडणे, अशा मोजक्या क्रियांत उत्तर आले. महत्त्वाची गोष्ट ही की, प्रत्येक क्रियेतून पुन्हा एक कोष्टकच बाहेर पडते. दोन संख्यांची बेरीज केली की संख्याच मिळते आणि तिच्यावर पुढचे गणित करता येते, तसेच हे. म्हणून प्रश्न कितीही लांबवता येतो. उलटा प्रश्न, म्हणजे अमुक पुस्तक सध्या कोणाकडे आहे, हाही त्याच क्रियांनी सुटतो. त्यासाठी वेगळी वाट आधी आखावी लागत नाही.

या पद्धतीला रिलेशनल का म्हणतात याबद्दल एक गैरसमज पुस्तकांतूनही आढळतो. कोष्टकांचे एकमेकांशी संबंध जोडले जातात म्हणून रिलेशनल, असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. संचांच्या गणितात रिलेशन या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. मुलांच्या क्रमांकांचा एक संच, पुस्तकांच्या क्रमांकांचा दुसरा, तारखांचा तिसरा. या तिघांतून प्रत्येकी एक घेऊन जितकी त्रिकुटे होतील त्यांतली जी खरोखर घडली आहेत, त्यांचा समूह म्हणजे रिलेशन. म्हणजे कोष्टक हेच रिलेशन. त्यातली प्रत्येक ओळ हे एक सत्य विधान असते. ४१२ क्रमांकाच्या मुलीने १०५७ क्रमांकाचे पुस्तक अमुक दिवशी नेले, हे ते विधान. आणि समूह आहे म्हटल्यावर दोन गोष्टी आपोआप येतात. ओळींना पहिली-शेवटची असा क्रम नसतो आणि एकच ओळ दोनदा असू शकत नाही. खरी गोष्ट दोनदा सांगितल्याने अधिक खरी होत नाही!

क्रमांकाचेही असेच. ओळ ओळखण्यासाठी जो रकाना वापरायचा त्याला किल्ली म्हणतात. नाव ही किल्ली होऊ शकत नाही हे आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांना समजावून सांगायची गरज नाही. एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुले असतात. त्यातून आपले नाव घरी मराठीत, शेजारी गुजरातीत आणि गुणपत्रिकेवर इंग्रजीत लिहिले जाते आणि इंग्रजीत तर एकाच आडनावाची चार स्पेलिंगे होतात. क्रमांक मात्र एकच राहतो.

आता कॉड यांच्या कामातला पालकांच्या अगदी जिव्हाळ्याचा भाग. समजा, पालकांचा फोन मुलांच्या कोष्टकात न ठेवता देवघेवीच्या प्रत्येक ओळीत लिहिला. मुलीने सहा पुस्तके नेली तर फोन सहा ठिकाणी आला. फोन बदलला, पाच ठिकाणी दुरुस्त केला, एक राहून गेला. आता खरा कोणता? दुसरी अडचण अशी की, मुलीने सगळी पुस्तके परत केली, ओळी पुसल्या, तर फोनही पुसला गेला. तिसरी म्हणजे, नव्याने दाखल झालेल्या ज्या मुलाने अजून पुस्तकच नेले नाही, त्याचा फोन लिहायला जागाच नाही. तिन्ही दुखण्यांचे मूळ एक. फोन ही मुलाविषयीची गोष्ट आहे, देवघेवीविषयीची नाही, आणि ती भलत्या कोष्टकात जाऊन बसली आहे. जी गोष्ट ज्याच्याविषयी आहे ती त्याच्याच कोष्टकात, एकदाच लिहायची. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कॉड यांनी यासाठी पायरीपायरीने कसोट्या दिल्या. मुले पाठ करतात ते पहिले, दुसरे, तिसरे नॉर्मल फॉर्म म्हणजे याच कसोट्या. पहिली म्हणते, एका चौकटीत एकच गोष्ट लिहा, स्वल्पविराम देऊन पाच पुस्तके कोंबू नका. दुसरी आणि तिसरी म्हणतात, प्रत्येक रकाना त्या कोष्टकाच्या संपूर्ण किल्लीविषयीच बोलतो ना ते तपासा. पाठ करण्याऐवजी वरचे फोनचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले तर उत्तर चुकणार नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख एक आणि गुणपत्रिकेवर दुसरी निघाली की काय होते ते पालक जाणतात. अ‍ॅफिडेव्हिट, कार्यालयाच्या फेऱ्या, पासपोर्टचे अडलेले काम. एकच सत्य दोन ठिकाणी वेगवेगळे लिहून ठेवल्याची ती किंमत असते. आकड्यांच्या कोष्टकांमागे माणसांची कामे अडकलेली असतात, म्हणून हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नाही.

एवढी चांगली कल्पना कंपनीने डोक्यावर घेतली असेल असे वाटेल. तसे झाले नाही. आय.एम.एस. ही आय.बी.एम.ची कमाई करून देणारी प्रणाली होती. आपल्याच दुकानातला माल जुना झाला असे आपल्याच नोकराने सांगावे, हे कोणत्या दुकानदाराला आवडेल? शिवाय एक प्रामाणिक शंकाही होती. वाट माणसाने आखून दिली तर काम वेगाने होते. ती यंत्राने स्वतः शोधायची म्हटली तर फार वेळ लागेल आणि त्या काळी यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा होता. ही शंका मूर्खपणाची नव्हती. कॉड यांच्या अकरा पानांत तिचे तयार उत्तर नव्हते.

कॉड गप्प बसले नाहीत. कंपनीच्या ग्राहकांपुढे त्यांनी आपली कल्पना मांडली आणि ग्राहकच कंपनीला विचारू लागले. परिषदांतून त्यांनी व्याख्याने दिली. १९७४ साली अ‍ॅन आर्बर येथे, ज्या गावच्या विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली त्याच गावी, बाखमन आणि कॉड यांचा समोरासमोर वाद झाला आणि तो या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्यांच्या एका व्याख्यानाचा परिणाम डॉन चेंबरलिन या तरुण संशोधकावर कसा झाला तेही सांगण्याजोगे आहे. चेंबरलिन जाळ्याच्या पद्धतीत तरबेज होते. आपल्या साहेबापेक्षा जास्त पगार घेणारे नोकर कोण, यासारखे प्रश्न ज्यांना पानेच्या पाने प्रोग्रॅम लागत, ते कॉड यांनी एकेका ओळीत लिहून दाखवले. चेंबरलिन तिथेच या बाजूला वळले.

अखेर आय.बी.एम.ने सॅन होजे येथे सिस्टिम आर नावाचा प्रयोग सुरू केला. मात्र त्याची सूत्रे कॉड यांच्याकडे नव्हती. प्रश्न विचारण्यासाठी त्यांनी स्वतः अल्फा नावाची गणिती भाषा सुचवली होती, ती घेतली गेली नाही. चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये साध्या इंग्रजीशी मिळतीजुळती सीक्वेल ही भाषा केली. पुढे त्या नावावर दुसऱ्याचा हक्क निघाला म्हणून ती एसक्यूएल झाली. आज संगणक शिकणाऱ्या बहुतेक प्रत्येकाला ती शिकावी लागते. बॉइस मात्र त्याच वर्षी अगदी तरुण वयात वारले. बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म या नावात त्यांची आठवण राहिली आहे. वेगाच्या शंकेचे उत्तरही याच प्रयोगातून आले. पॅट सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, एका प्रश्नाच्या अनेक संभाव्य वाटांचा खर्च यंत्र आधीच अंदाजाने काढू शकते आणि त्यातली स्वस्त वाट निवडू शकते. म्हणजे कॉड यांनी काय हवे ते सांगण्याची सोय केली आणि कसे आणायचे याची जबाबदारी इतरांनी पुरी केली. एकट्या माणसाचे हे काम नव्हते, हे चरित्र लिहितानाही विसरता येत नाही.

दरम्यान लेख तर जगासमोर आलेला होता. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी तो वाचून इंग्रेस नावाची प्रणाली विद्यार्थ्यांच्या मदतीने उभी केली. आजची पोस्टग्रेस ही तिचीच वारसदार. लॅरी एलिसन आणि त्यांच्या दोन साथीदारांनी १९७७ मध्ये एक लहान कंपनी काढली आणि आय.बी.एम.च्याच संशोधकांनी छापलेले लेख वाचून १९७९ मध्ये ऑरॅकल बाजारात आणले. स्वतः आय.बी.एम.चा पहिला असा माल आला १९८१ मध्ये आणि डी.बी.टू. ही मुख्य प्रणाली १९८३ मध्ये. कल्पना घरात जन्मली, पहिली तेरा वर्षे घरातच अडखळली आणि शेजाऱ्याने तिच्यावर घर बांधले! ऑरॅकल पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एक झाली.

कॉड यांना १९७६ मध्ये आय.बी.एम.ने फेलो हा आपला मोठा सन्मान दिला आणि १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण ते समाधानी नव्हते. १९८४ मध्ये त्यांनी कंपनी सोडली आणि आपले जुने सहकारी क्रिस डेट यांच्याबरोबर सल्लागाराचे काम सुरू केले. डेट यांनी त्यांचा विचार सोप्या पाठ्यपुस्तकांतून जगभर पोहोचवला. भारतातल्या अनेक पिढ्यांनी डेट यांचेच पुस्तक वाचले आहे. तोपर्यंत रिलेशनल हा शब्द इतका खपू लागला होता की, जुन्याच मालावर नवे लेबल चिकटवणारे विक्रेते निघाले. तेव्हा १९८५ मध्ये कॉड यांनी एका साप्ताहिकात खऱ्या रिलेशनल प्रणालीच्या कसोट्या प्रसिद्ध केल्या. त्यांना बारा नियम म्हणतात. क्रमांक शून्यापासून असल्याने प्रत्यक्षात ते तेरा आहेत, आणि परीक्षेत हा प्रश्न हमखास मुलांना फसवतो. त्यांतला एक नियम सांगतो की, कोष्टकाचे नाव, किल्ली आणि रकान्याचे नाव या तीन गोष्टी दिल्या की कोणतीही माहिती हाती आलीच पाहिजे. दुसरा सांगतो की, माहिती नसणे हेही नीट नोंदवता आले पाहिजे. फोन शून्य असणे आणि फोन माहीत नसणे यात फरक आहे. पुढे तर ते म्हणू लागले की, माहीत नसणे आणि लागूच नसणे यातही फरक करा. घरी फोन आहे पण क्रमांक ठाऊक नाही ही एक गोष्ट, घरी फोनच नाही ही दुसरी. हे तर्काला धरून होते, पण व्यवहारात फार किचकट झाले आणि त्यांचे निकटचे सहकारी डेट हेदेखील या बाबतीत त्यांच्याशी सहमत झाले नाहीत.

त्या कसोट्यांना पूर्णपणे उतरेल अशी प्रणाली बाजारात नव्हती. एसक्यूएलवरही त्यांचा राग होता. त्या भाषेत कोष्टकात तीच ओळ दोनदा ठेवता येते, म्हणजे गणितातला समूहच मोडतो, ही त्यांची मुख्य तक्रार. तक्रार रास्त होती असे आम्हांला वाटते. पण जगाने थोडी मोडतोड करून का होईना, ती कल्पना वापरात आणली, हेही खरे.

आदरणीय माणसाच्या चरित्रात अडचणीचे पानही लिहायला हवे. १९९३ मध्ये कॉड यांनी मोठ्या माहितीचे विविध बाजूंनी विश्लेषण करण्याच्या पद्धतीवर एक निबंध लिहिला आणि तिला ओलॅप हे नाव दिले. नाव रूढ झाले. पण तो निबंध अशाच प्रकारचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीच्या पैशातून लिहिला गेला होता, हे नंतर उघड झाले, तेव्हा ज्या साप्ताहिकाने त्यावरचा लेख छापला होता त्याने तो मागे घेतला. विक्रेत्यांच्या लेबलांवर आठ वर्षांपूर्वी तुटून पडलेल्या माणसाच्या हातून हे व्हावे, याचे वाईट वाटते.

१८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, राहत्या घरी, हृदयविकाराने कॉड यांचे निधन झाले. वय ७९. मित्र त्यांना टेड म्हणत. पुढच्याच वर्षी डेटाबेस क्षेत्रातील संशोधकांच्या संघटनेने नव्या शोधांसाठीच्या आपल्या वार्षिक पुरस्काराला त्यांचे नाव दिले. ऑरॅकल, डी.बी.टू., पोस्टग्रेस आजही चालू आहेत, आणि आपल्या खिशातल्या मोबाईलमध्येही एसक्यूलाइट नावाची एक छोटी रिलेशनल प्रणाली बसलेली असते. मावशीचा फोन नंबर शोधताना तिच्यातलेच एक कोष्टक उघडते.